मुंबई ते जेद्दा : साडेतीन हजार किलोमीटर आणि चार दिवस

मुंबईहून जेद्दाला विमानाने किती वेळ लागतो, हा प्रश्न आमच्या कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत घराघरांत विचारला जातो. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कुणाचा जावई. कुणाच्या आईवडिलांचं उमराहचं बुकिंग झालेलं असतं. मोबाइलला विचारलं की क्षणात उत्तर येतं : अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर, वेळ पाच ते साडेपाच तास. उत्तर बरोबर आहे. पण माझ्या घराने हे अंतर तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेलं आहे आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी हा ३,५०० चा आकडा येतो कुठून ते पाहू. विमानाच्या मागे कुणी टेप धरून धावत नाही. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेतले जातात. मुंबई विमानतळ १९ अंश उत्तर आणि जवळपास ७३ अंश पूर्व, जेद्दा साधारण पावणेबावीस अंश उत्तर आणि ३९ अंश पूर्व. पृथ्वी गोल धरून या दोन बिंदूंमधली सर्वांत छोटी वाट काढायची. गोलावरची ही वाट सपाट नकाशावर सरळ दिसत नाही, कमानीसारखी वाकलेली दिसते. चेंडूवर दोन टिंबं काढून त्यांच्यामध्ये दोरा ताणून बघा, लगेच कळेल. विमानं शक्यतो त्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळपास उडतात. मुंबई-जेद्दा हा दोरा अरबी समुद्रावरून जातो, मस्कतच्या दक्षिणेला ओमानच्या किनाऱ्यावर चढतो आणि मग रुब अल-खालीचं ओसाड वाळवंट ओलांडतो.

हा हिशोब विमानांसोबत जन्माला आला, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. तो हजार वर्षं जुना आहे आणि त्याचं मूळ नमाजच्या दिशेत आहे. मक्केकडे तोंड करायचं तर मक्का नेमकी कुठे, हे कळायला हवं. अल-बिरुनीने इ.स. १०२५ मध्ये 'तहदीद' नावाचा ग्रंथ पूर्ण केला, तो शहरांची स्थानं आणि त्यांच्यातली अंतरं कशी ठरवावीत याच विषयावर. त्याला गझनीचा किबला काढायचा होता. त्याने बगदादपासून गझनीपर्यंतची काफिल्यांची अंतरं गोळा केली. उंट वळणावळणाने जातो, म्हणून त्यातून काही हिस्सा वजा केला आणि त्यावरून सरळ अंतर काढलं. आज संगणक जे करतो, तेच काम हा माणूस कागदावर करत होता. याच बिरुनीने नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची आणि तिथून दिसणाऱ्या क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीच्या त्रिज्येचा आकडा काढला होता, तोही आजच्या आकड्याच्या जवळ जाणारा. हा किल्ला आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे. आपण मात्र त्याला फक्त 'हिंदुस्थानबद्दल लिहिणारा प्रवासी' एवढंच ओळखतो.

किबला आणि विमानाची वाट, दोन्हींचं गणित एकच आहे. आपण सवयीने म्हणतो, किबला पश्चिमेला. मुंबईतून हिशोब केला तर तो बरोबर पश्चिमेला येत नाही, साधारण दहा अंश उत्तरेकडे झुकतो. सपाट नकाशावर फूटपट्टी ठेवून काढला तर हा झुकाव चार-पाच अंशच दिसतो. आपल्याकडे फरक एवढा थोडा आहे की कुणाच्या लक्षात येत नाही. न्यूयॉर्कला मात्र तो डोळ्यांत भरतो. नकाशा पाहिला तर मक्का तिथून आग्नेयेला दिसते, पण गोलावरची छोटी वाट ईशान्येकडे निघते. तिथली बहुतेक मुस्लिम मंडळी ईशान्येकडे तोंड करतात, काही जण आग्नेयेचा आग्रह धरतात आणि यावर तिकडे वादही झालेले आहेत. ज्यांना पटत नाही त्यांनी न्यूयॉर्कहून पूर्वेकडे निघालेल्या विमानाचा पडद्यावरचा नकाशा बघावा. विमान आधी उत्तरेकडेच कलतं.

आता वेळेचं. विमान ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरने जातं, मग ३,५०० किलोमीटरला चार तास पुरे व्हायला हवेत. पाच-साडेपाच का लागतात? थोडा वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्यात जातो, थोडा चढण्यात आणि उतरण्यात, थोडा मुंबईच्या आकाशातल्या रांगेत. उरलेला वेळ वारा खातो. आपल्या पट्ट्यात उंचावर हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जेद्दाला जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास अनेकदा अर्धा-पाऊण तास आधीच संपतो. 'पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग जेद्दाच आपल्याकडे यायला पाहिजे, जाताना कमी वेळ लागायला पाहिजे,' असा युक्तिवाद मी मशिदीच्या ओट्यावर अनेकदा ऐकलाय. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फरक पडतो तो हवा जमिनीपेक्षा वेगळ्या वेगाने वाहते तेव्हा.

घड्याळाचा घोळ आणखी वेगळा. आपण आणि सौदी यांच्यात अडीच तासांचा फरक. दुपारी दोनला मुंबईहून निघालेला माणूस साडेपाच तास बसून जेद्दात उतरतो तेव्हा तिथे पाचच वाजलेले असतात. परत येताना तिकडून संध्याकाळी सातला निघाला, पावणेपाच तासांत पोहोचला, तरी इथे रात्रीचे सव्वादोन. पण सूर्य सरकारी घड्याळ पाळत नाही. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर दोन शहरांमध्ये सूर्याच्या हिशोबाने सव्वादोन तासांचं अंतर पडतं. रमजानमध्ये दुपारी पश्चिमेकडे उडालात तर तुमचा रोजा तेवढा लांबतो. मुंबईतल्या घरच्यांनी खजूर तोंडात टाकलेला असतो आणि तुमच्या खिडकीत ऊन असतं. विमानात इफ्तार करायचा तो खिडकीतला सूर्य बुडाल्यावर. खाली जमिनीवर मगरिबची अजान झालेली असली तरी उंचावर तो काही मिनिटं जास्त दिसतो.

ही झाली पहिली मोजणी. दुसरी माझ्या दादीची.

दादी १९७८ साली जहाजाने हजला गेली. मोगल लाइनचं 'अकबर' जहाज. ती सांगायची तेव्हा किलोमीटर कधीच सांगायची नाही, दिवस सांगायची आणि उलट्या सांगायची. पहिले तीन दिवस कुणीच काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी पाण्याची सवय झाली. मग कुणाच्या पेटीतून सुकी मासळी निघाली, कुणाच्या बरणीतून लोणचं. मराठवाड्यातल्या, बिहारातल्या बायकांशी तिची दोस्ती झाली, भाषा कळत नसताना. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरच्या वर. विमान ओमानवरून सरळ कापतं, जहाजाला येमेनला वळसा घालून एडनच्या आखातात शिरावं लागतं, बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून लाल समुद्रात जावं लागतं आणि मग उत्तरेकडे चढावं लागतं. बाब-अल-मंदब म्हणजे आक्रोशाचा दरवाजा. दादीला हे नाव ठाऊक नव्हतं, पण 'तिकडे दर्या लय बेकार' एवढं तिला पाठ होतं. एका बाजूच्या प्रवासाला आठ-दहा दिवसांपासून पंधरवड्यापर्यंत कितीही लागायचं.

वाट बदलली की धर्माचरणातला तपशीलही कसा बदलतो, याचं उदाहरण मला इथेच सापडलं. मक्केला जाणाऱ्याने ठरावीक हद्द ओलांडण्याआधी एहराम बांधायचा असतो. या हद्दीला मीकात म्हणतात. जहाज दक्षिणेकडून यायचं, म्हणून हिंदुस्थानी हाजींची मीकात यलमलम. तिच्या समोर आलं की जहाजावर सूचना व्हायची आणि सगळ्या डेकवर पांढरं कापड पसरायचं. विमान पूर्वेकडून येतं, ताइफच्या बाजूने, म्हणून आता कर्न-अल-मनाझिल. जहाजावर तयारीला अख्खा दिवस असायचा. विमानात हा टप्पा काही मिनिटांत मागे पडतो, म्हणून वैमानिक आधी सूचना देतो आणि बहुतेक लोक घरूनच किंवा मुंबई विमानतळावरच एहराम बांधून निघतात.

१९९५ नंतर भारतातून हजची जहाजं बंद झाली. त्याआधी शतकानुशतकं ही वाट वाऱ्यावर चालत होती. सुरतेला 'बाब-उल-मक्का', मक्केचा दरवाजा म्हणत. मोसमी वाऱ्यांचं वेळापत्रक चुकलं की वर्ष चुकायचं. 'मोसम' हा आपला शब्दच अरबी 'मौसिम'वरून आलेला, आणि अरबीत हजच्या काळालाही मौसिम म्हणतात. बाबराची मुलगी, अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ साली सुरतेहून निघाली. बादशहाची आत्या, पण समुद्रावर सत्ता पोर्तुगीजांची. त्यांचा परवाना मिळेपर्यंत या शाही काफिल्याला सुरतेत थांबून राहावं लागलं. परतताना एडनजवळ जहाज फुटलं. ती फतेहपूर सिक्रीला पोहोचली तेव्हा १५८२ साल उजाडलं होतं. त्या काळी निरोप देताना लोक 'कहा-सुना माफ' म्हणायचे ते रीत म्हणून नव्हे, माणूस परत येईल याची खात्री नसायची म्हणून. दादीनेही निघताना अख्ख्या मोहल्ल्याची माफी मागितली होती. जिच्याशी आठ वर्षं अबोला होता, त्या शेजारणीचीही.

तिसरी मोजणी आमच्या भाईची.

भाई म्हणजे माझे थोरले भाऊ. ते जेद्दात एका कंपनीत एसीचे मेकॅनिक होते. आमचं गाव चिपळूणपासून पंधरा किलोमीटरवर, वाशिष्ठीच्या खाडीकाठी. जुलै २०११. बुधवारी रात्री साडेअकराला अब्बांचा इंतकाल झाला. तेव्हा जेद्दात नऊ वाजले होते. मी फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, 'मी येतो. थांबा.'

साडेतीन हजार किलोमीटर. मध्यरात्रीनंतरचं विमान मिळालं असतं तर सकाळी मुंबईत आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत गावात. हिशोबात बसत होतं. पण त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. देश सोडायचा तर कंपनीच्या संमतीने एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का लागायचा, त्याशिवाय विमानतळावरचा दरवाजा उघडत नसे. त्या काळी सौदीत साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारची होती. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस सुट्टीवर. भाईंनी रात्रभर फोन लावले. पहाटे त्यांचा मला फोन आला, 'शनिवारच्या आधी काही होत नाही. तुम्ही उरकून घ्या.'

आमच्याकडे मय्यत थांबवत नाहीत. दफन जितक्या लवकर तितकं चांगलं. शिवाय पावसाळा, गावात बर्फाची सोय नाही, वीज तर दोन दिवस नव्हती. गुरुवारी जोहरच्या नमाजनंतर दीड वाजता जनाजा ठरला. भाईंना कळवलं. त्यांनी घड्याळातून अडीच तास वजा केले आणि त्यांच्या खोलीतल्या रत्नागिरी-रायगडच्या सात-आठ पोरांना घेऊन अकरा वाजता तिकडे गायबाना जनाजाची नमाज पढली. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्यात दूर असलेल्या मय्यतीची नमाज चालते. हनफी मसलकात ती चालत नाही. त्या खोलीत दोघे हनफी होते, उत्तर प्रदेशातले. ते सफेत उभे राहिले नाहीत, पण बाजूला हात बांधून उभे राहिले, नमाज संपेपर्यंत. भाईंना ते कधीच विसरता आलं नाही.

हे सगळं लिहिताना नकाशा समोर घेतला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी त्या दिवशी सुचणं शक्यच नव्हतं. जेद्दा मक्केच्या पश्चिमेला आहे, ७०-८० किलोमीटरवर. म्हणजे जेद्दात किबला पूर्वेला. आमच्या गावात तो पश्चिमेला. आम्ही इथे अब्बांना समोर ठेवून पश्चिमेकडे तोंड करून उभे होतो, भाई तिकडे त्याच वेळी पूर्वेकडे तोंड करून. आम्ही दोघे भाऊ समोरासमोर उभे होतो. मध्ये काबा, वाळवंट, समुद्र आणि अब्बा. जगात कुठेही दोन मुसलमान नमाजला उभे राहिले तर असं होऊ शकतं, त्यात चमत्कार काही नाही, भूगोल आहे. तरी मला त्याने आधार वाटतो. भाईंना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'मग मी पोचलो होतो म्हणायचं.'

प्रत्यक्षात ते पोहोचले रविवारी. शनिवारी दुपारी शिक्का मिळाला, रात्रीचं विमान, पहाटे मुंबई. विमानाने आपलं काम पाच तासांच्या आत केलं होतं. तिथून गाव अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर. गोवा हायवेवर पाऊस, खड्डे, कशेडी घाटात ट्रक उलटलेला. मुंबई ते गाव त्यांना अकरा तास लागले. म्हणजे जेद्दा ते मुंबईच्या दुपटीहून जास्त. त्याच वर्षी या रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम सुरू झालं होतं. कशेडीचा बोगदा आता झालाय, पण त्यानंतर इतकी वर्षं आम्ही 'पुढच्या गणपतीपर्यंत' पूर्ण होणारा रस्ता बघतोय. कोकणातला हिंदू चाकरमानी आणि कोकणातला मुस्लिम आखातकर, दोघांनाही घर गाठायला हाच रस्ता. या बाबतीत तरी आमच्यात काडीचा फरक नाही.

संध्याकाळी ते घरात न येता सरळ कब्रस्तानात गेले. माती अजून ओली होती. बॅग रिक्षातच होती. मी छत्री धरून मागे उभा राहिलो. अम्मी दारात वाट बघत होती.

बुधवार रात्र ते रविवार संध्याकाळ. जवळजवळ चार दिवस. त्यातलं विमान पाच तासांचं. उरलेले तास कपाटाचे, किल्लीचे, सुट्टीचे, शिक्क्याचे आणि खड्ड्यांचे. गुलबदन बेगमला पोर्तुगीजांच्या परवान्याने अडवलं होतं, आमच्या एसी मेकॅनिकला कंपनीच्या कागदाने. साडेचारशे वर्षांत शिडाचं जहाज गेलं, वाफेचं गेलं, जेट आलं. कागदाचा वेग मात्र कागद देणाऱ्याच्या मर्जीवरच राहिला.

सौदीने मार्च २०२१ पासून नियम सैल केले. खासगी कंपन्यांतल्या बऱ्याच कामगारांना आता मालकाच्या संमतीशिवाय ऑनलाइन एक्झिट-रीएंट्री काढता येते. पण घरकाम करणाऱ्या बाया आणि घरचे ड्रायव्हर त्या सुधारणेच्या बाहेर राहिले. आमच्या भागातून ड्रायव्हर म्हणून जाणारे कमी नाहीत. त्यांच्यासाठी अंतर अजून कपाटाच्या किल्लीएवढंच आहे. आणि आकाशातल्या वाटाही कागदावरच चालतात. २०१९ साली आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडला. दिल्ली तिथेच, लंडन तिथेच. गोलावरचं अंतर एका किलोमीटरने बदललं नाही. प्रवास मात्र लांबला.

फिकहमध्ये मुसाफिर कुणाला म्हणायचं, याची चर्चा आहे. ठरावीक अंतराच्या पलीकडे गेलात, साधारण ऐंशी किलोमीटर धरा, तर नमाज कसर होते, चारऐवजी दोन रकात. जुन्या फकिहांनी हे अंतर मुळात दिवसांच्या चालीने मोजलं होतं, माणसाला आणि उंटाला किती चालवेल त्यावरून. नंतर त्याचे मैल झाले. आता कुणी म्हणतं, विमानात एसीत बसून जाणाऱ्याला कसली सवलत? मला जुन्या लोकांची मोजणी शहाणपणाची वाटते. त्यांनी अंतर माणसाच्या अंगावरून मोजलं. आणि जेद्दात कपाटासमोर दोन दिवस बसून राहिलेला माणूस एक पाऊलही चालला नव्हता, तरी त्याच्याइतका मुसाफिर मी दुसरा पाहिला नाही.

म्हणून आता गावातला एखादा पोरगा आखातात निघाला की मी त्याला विमानाचे तास सांगत बसत नाही. एवढंच विचारतो : पासपोर्ट तुझ्या हातात राहणार का? एक्झिट कोण देणार, तू की मालक? अचानक निघायचं झालं तर तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेस का? तिकडे तुझ्यासाठी धावेल असा गावातला एक तरी माणूस आहे का? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की घर किती लांब आहे ते त्याचं त्यालाच कळतं.

भाई २०१८ ला कायमचे परतले. चिपळूणला त्यांचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. दर गुरुवारी ते दुकान लवकर बंद करून कब्रस्तानात जातात. दुकानापासून पंधरा किलोमीटर, स्कूटरने अर्धा तास.